उडवलेला चेंडू खाली कुणाच्या पायात पडतो?

मैदानावरून : वाचकांचे प्रश्न, क्रीडाशिक्षकांची उत्तरे

प्रश्न : सर, मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या फुटबॉल संघात उजव्या बगलेत खेळतो. गेल्या आठवड्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत आम्ही ०-१ असे हरलो, आणि तेही मागच्या वर्षी ज्यांना तीन गोलांनी हरवलं होतं त्यांच्याकडून. गोल खाल्ल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत आमचे सर लाइनवरून एकच ओरडत होते, ‘वर टाक, वर टाक!’ आमचा सेंटर फॉरवर्ड माझ्या कानाला लागतो आणि त्यांचे दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, सहा-सहा फुटी. अख्ख्या उत्तरार्धात मी चेंडूला चारदा शिवलो, त्यात दोन थ्रो-इन. पोरं म्हणतात, सरांना चढाई कशी करायची तेच कळत नाही, पुढच्या वर्षी कॉलेजकडून खेळायचंच नाही. तुम्ही सामन्याला होता. तुम्हीच सांगा, चूक कुणाची? — एक विंगर, कसबा बावडा

उत्तर : होतो. गोलपोस्टमागच्या पायरीवर छत्री घेऊन बसलो होतो आणि मांडीवर वही होती. तीस वर्षं पोरांना खेळवलं, त्याआधी पेठेच्या संघातून सेंटर हाफला खेळलो, त्यामुळं वहीशिवाय सामना बघायची सवयच राहिली नाही. तुझं पत्र वाचून ती वही परत काढली.

आधी तो गोल आठव. साधारण विसावं मिनिट. तुमच्या गोलीनं गोलकिक पेनल्टी एरियाच्या आतच बॅकला दिली. हे नियमात बसतं. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू मारल्यावर स्पष्ट हलला की खेळ सुरू होतो, तो एरियाबाहेर जावा लागत नाही. टीव्हीवर मोठे संघ रोज तसंच खेळतात आणि पोरं ते बघतात. पण तुमच्या बॅकनं तो चेंडू घेतला तो स्वतःच्या गोलकडं तोंड करून. मागून त्यांचा फॉरवर्ड धावत येतोय हे त्याला कुणी सांगितलंही नाही. गोलीच्या तोंडातून आवाज निघाला तेव्हा चेंडू जाळीत होता. हा पास तुम्ही सरावात किती वेळा घेतला होता? माझा अंदाज आहे, एकदाही नाही.

तुमच्या सरांच्या ‘वर टाक’चा जन्म तिथं झाला. त्याआधीची वीस मिनिटं माझ्या वहीत आहेत, त्यात तुम्ही खालून खेळत होता आणि सर गप्प होते. एका चुकीची भीती बसली आणि उरलेला सामना त्या भीतीनं खेळवला. मी त्या जागी उभा राहिलोय म्हणून सांगतो, लाइनवरच्या माणसाला अशा वेळी चेंडू आपल्या गोलपासून लांब गेला की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. तो पुढं जाऊन कुणाला मिळतो हे बघायचं भान राहत नाही. शिवाय त्या दिवशीचं मैदान आठव. पाऊस सकाळी थांबला होता, पण डाव्या कॉर्नरपाशी घोटाभर पाणी होतं आणि जमिनीवरचा पास तिथं रुतून बसत होता. अशा मैदानावर चेंडू उचलून खेळणं हा काही वेडेपणा नव्हे.

मग चुकलं कुठं? गोल झाल्यानंतर तुमच्या बाजूनं उंच मारलेला प्रत्येक चेंडू मी वहीत उभ्या रेघेनं मांडला. ३८ रेघा झाल्या. जिथं चेंडू पहिल्यांदा तुमच्या पोराच्या डोक्याला किंवा छातीला लागला, त्या रेघेभोवती गोल केला. असे गोल ११. आणि डोक्यावरून खाली पडलेला चेंडू तुमच्याच पोराच्या पायात राहिला तिथं फुली मारली. फुल्या ३.

म्हणजे तुझ्या कानाला लागणाऱ्या त्या पोरानं सहा फुटी स्टॉपरांच्या मध्ये उडी मारून अकरा वेळा चेंडू जिंकला. उंचीचं गाऱ्हाणं इथं संपतं. अकरा वेळा जिंकलेला चेंडू आठ वेळा त्यांच्याकडं गेला, कारण खाली घ्यायला कोणी नव्हतं.

उत्तरार्धाच्या दहाव्या-बाराव्या मिनिटाचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या लेफ्ट बॅकनं लांब मारला, फॉरवर्डनं पेनल्टी एरियाच्या तोंडाशी हेड करून मागं उतरवला. चेंडूनं चिखलात एक टप्पा खाल्ला आणि थांबला. थांबला म्हणजे अक्षरशः उभा राहिला. त्याच्याभोवती पंधरा पावलांत तुमचा एकही पोरगा नव्हता. त्यांचा सहा नंबरवाला चालत आला, बुटाच्या टाचेचा चिखल झटकला, मान वर करून बघितलं आणि सावकाश पास दिला. तुमचे मधल्या फळीतले दोन्ही हाफ तेव्हा मधल्या रेषेवर कमरेवर हात ठेवून होते. आणि पोरा, तू उजवीकडच्या फक्कीच्या रेघेला चिकटून उभा होतास, चेंडू मागायला हात वर केलेला. राग मानू नकोस. चूक कुणाची असं तू विचारलंस, म्हणून तुझाही वाटा सांगतोय. लांब चेंडू चाललाय हे एकदा ठरल्यावर विंगरनं लाइन सोडून आत, फॉरवर्डच्या आठ-दहा पावलांवर यायला हवं. तू तुझ्या पायात पास येईल म्हणून वाट बघत राहिलास आणि तो येणार नव्हता हे तुलाही कळत होतं.

आता ‘वर टाक’ म्हणणाऱ्यांचा एक जुना आधार आहे, तोही तुला माहीत असावा, कारण सरांशी बोलताना तो निघेल. इंग्लंडच्या हवाई दलात हिशेबाचं काम करणारे चार्ल्स रीप म्हणून गृहस्थ होते. १९५० साली एका सामन्यात ते अशाच रेघा मारायला बसले आणि पुढं कित्येक वर्षं मारत राहिले. १९६८ मध्ये त्यांनी बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर निबंध लिहिला. सार असं, की दहापैकी साधारण आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून होतात. झालं, अनेक प्रशिक्षकांनी त्यावरून धडा घेतला की पास कमी करा आणि चेंडू पुढं फेका. मी शिकवायला लागलो तेव्हा मीही हे आवडीनं सांगायचो. पण त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट होती. सामन्यातल्या एकूण चढायांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त चढाया मुळात तीन पासांच्या आतच संपतात. वर्गातली शंभरातली नव्वदपेक्षा जास्त पोरं एकाच गल्लीतली आहेत आणि पास झालेल्यांत त्या गल्लीची ऐंशी टक्केच आहेत, तर ती गल्ली हुशार म्हणायची का? उलट उरलेली मूठभर पोरं हुशार निघाली. पुढं १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकांचे सामने तपासून अभ्यासकांनी हेच दाखवलं, की दर चढाईमागं गोल धरले तर जास्त पासांची चढाई सरस ठरते. मला हे समजायला बरीच वर्षं गेली. त्या काळात माझ्या हाताखालून गेलेल्या विंगरांचं मला आजही वाईट वाटतं.

याचा अर्थ लांब चेंडू वाईट असा नाही. लांब चेंडू हा पहिला पास आहे, चढाई त्याच्यानंतर सुरू होते. मी त्याला पडता चेंडू म्हणायचो. सराव अगदी साधा आहे. गोलीनं हातातून लांब मारायचा, फॉरवर्ड एका स्टॉपरबरोबर उडी मारणार. एक हाफ त्याच्या समोर, दुसरा त्याच्या मागं तिरका, आणि लांबच्या बाजूचा विंगर पेनल्टी एरियाच्या तोंडाशी आत. चेंडू जमिनीला लागायच्या आत तिघांनी जागेवर पोचलं पाहिजे. पोचले नाहीत तर ती उडी मोजायची नाही. पंधरा मिनिटं पुरतात, पण आठवड्यातून तीनदा पाहिजेत. पहिल्या दिवशी पोरं चेंडूकडं बघत उभी राहतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फॉरवर्डच्या खांद्याकडं बघून पळायला लागतात, कारण चेंडू कुठं पडणार ते त्याचा खांदा आधी सांगतो.

सरांची चूक मी झाकणार नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत उजवीकडचं मैदान बऱ्यापैकी वाळलं होतं आणि त्यांचा लेफ्ट बॅक पोटरी धरून लंगडत होता. तिथून चेंडू जमिनीवरून तुझ्या पायात द्यायला हवा होता, तू त्याला डाज देऊन, म्हणजे चकवून, गोलसमोर सेंटर मारला असतास. तुमच्या बाकावरच्या राखीव पोरालाही ते दिसलं होतं, तो सरांच्या मागून ‘उजवीकडं, उजवीकडं’ म्हणत होता. सरांचं लक्ष चेंडूवर होतं, माणसांवर नव्हतं. ती सरासर त्यांची चूक.

पण ‘सरांना कळत नाही’ हे मी मान्य करणार नाही. कॉलेजातला क्रीडासंचालक एकटा माणूस असतो. सकाळी कबड्डी, दुपारी विद्यापीठाची कागदपत्रं, संध्याकाळी तुम्ही. आणि तुम्ही तरी एक संघ म्हणून कधी असता? हिवाळ्यात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालीम संघांचा हंगाम सुरू झाला की तुमच्यातला एक पाटाकडीलच्या जर्सीत, दुसरा दिलबहारच्या, तिसरा खंडोबाच्या, कोणी बालगोपाल, कोणी प्रॅक्टिस, कोणी शिवाजी तरुण मंडळाकडून. पाच-सहा महिने एकमेकांचे पाय अडवायचे आणि पावसाळ्यात दहा-बारा दिवस एकत्र येऊन एकमेकांना पास द्यायचे. प्रत्येक तालमीची खेळायची तऱ्हा वेगळी. एकाला चेंडू पायात लागतो, दुसऱ्याला जागेत. पेठेची ईर्षा हे आपल्या फुटबॉलचं बळ आहे, तिच्यामुळंच एवढ्या गर्दीत सामने होतात. पण कॉलेजची जर्सी घातल्यावरही कोण कोणाला पास देतो यात पेठ डोकावते. तुमच्या डाव्या हाफनं उजव्या हाफला त्या सामन्यात दोनच पास दिले. का, ते तुम्हा पोरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

सरांकडं जा, पण घोळका करून नको. कॅप्टन आणि तू, दोघंच. ‘सर, तुम्ही चुकलात’ असं म्हणू नका. ‘सर, लांब चेंडू मारला की मी आत येऊ का? बुधवारपासून पंधरा मिनिटं पडत्या चेंडूला द्याल का?’ एवढंच विचारा. ज्या माणसानं तो पराभव लाइनवर उभं राहून गिळलाय, त्याच्यापुढं गाऱ्हाणं न नेता असं एखादं काम नेलं तर तो नाही म्हणणार नाही. आणि गोलकिकचा तो आखूड पासही सरावात घ्या. बॅकनं चेंडू घेताना शरीर तिरकं ठेवायचं, पाठ कधीही मैदानाकडं करायची नाही.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत एम. एस. करते. तिच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ मागच्या शनिवारी हरला तर गावभर लोक खेळाडूंना सोडून एका माणसालाच दोष देत होते, जो म्हणे फक्त चढाईच्या चाली सांगतो. असा वेगळा माणूस असतो का? आपल्याकडं का नाही? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : असतो, आणि तिथं त्याला दोष देण्यात थोडंफार तथ्यही असतं. तो खेळच वेगळा आहे, अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू लांबट, आणि बहुतेक वेळा हातात. चढाई करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढं सरकायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड म्हणजे आपल्याकडं फ्री-किकला समोरची भिंत जेवढ्या अंतरावर उभी करतात, तेवढेच, सव्वानऊ मीटरच्या आत. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि पुढचा सुरू करायला सहसा ४० सेकंद असतात. त्या वेळात चढाईचा प्रशिक्षक, कधी लाइनवरून तर कधी वरच्या खोलीतून, पुढची चाल ठरवतो. ती हाताच्या खुणांनी किंवा मोठ्या चित्रफलकांनी आत पोचवायची रीत आहे. २०२४ पासून तिथल्या सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेज संघांना मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ लावायची परवानगी मिळाली आहे. घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, त्याच्या आत चाल सुरू झाली तर तेव्हाच.

म्हणजे तिथं एका सामन्यात साठ-सत्तर वेळा एक माणूस ‘आता हे करा’ असं सांगतो. दोनदा मधून धाव काढली, अडवली, तरी तिसऱ्यांदा मधूनच पाठवली, तर लोक त्याचं नाव घेणारच. तरी तिथंही एक गोष्ट विसरू नये. चाल सांगितली म्हणजे झाली असं नाही, समोरच्याला थोपवणारे पाचजण चुकले तर कागदावरची उत्तम चालसुद्धा दोन सेकंदांत मोडते. मुलीला सांगा, पुढच्या शनिवारी चेंडूकडं न बघता त्या पाचजणांकडं बघ म्हणावं. हरण्याचं कारण बरेचदा तिथं सापडतं.

आपल्या फुटबॉलमध्ये खेळ असा थांबत नाही. लाइनवरून मारलेली हाक पोरापर्यंत पोचेस्तोवर चेंडू दुसरीकडं गेलेला असतो. म्हणून आपल्याकडं चढाईची चाल सांगायची जागा मंगळवार-बुधवारची संध्याकाळ. कसबा बावड्याच्या पोराला वर जे लिहिलं, ते याच कारणानं.

प्रश्न : थ्रो-इनवरून ऑफसाइड (समोरच्यांच्या बचावफळीच्या मागं उभं राहून पास घेण्याची चूक) असतो का? आमच्या गल्लीत यावरून रोज भांडणं होतात. — गोलकीपर, उचगाव

उत्तर : नसतो. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर, या तिन्हींवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही. दुसऱ्या पासापासून मात्र लागू होतो. समोरच्यांच्या एरियाजवळ थ्रो मिळाला तर एका फॉरवर्डला बिनधास्त बचावफळीच्या मागं उभा करा. आपल्याकडं हे फार कमी संघ वापरतात.

प्रश्न : सर, त्या हरलेल्या सामन्यात सेंटर फॉरवर्डला खेळला तो माझा मुलगा. शेवटच्या मिनिटाला गोलीसमोर एकटा असताना त्याच्याकडून चेंडू बाहेर गेला. तेव्हापासून चौकात कट्ट्यावरची माणसं त्याला बघून बोलतात. घरी नीट जेवत नाही. भिंतीवर आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातला फोटो होता, तो काल काढून ठेवला. म्हणतो, माझी उंचीच कमी, मी या जागेचा खेळाडूच नाही. त्याला काय सांगू? — एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, तो चेंडू मी बघितला. एक टप्पा पडून उसळला आणि त्याच्या डाव्या पायावर आला, उजव्यावर नाही. त्याआधी तासभर तो पोरगा दोन धिप्पाड स्टॉपरांच्या मध्ये उड्या मारत होता. त्याची पोटरी तेव्हा थरथरत होती, मला पायरीवरून दिसत होती. त्या ओल्यात दमलेल्या डाव्या पायानं चेंडू पोस्टच्या हातभर बाहेर गेला. कट्ट्यावर बोलणाऱ्यांना तो शेवटचा एक चेंडू दिसला, कारण त्यांनी तोच लक्षात ठेवला.

दोन दिवस घरात सामन्याचा विषय काढू नका, ताटावर तर अजिबात नको. फोटो त्यानं काढलाय तर तुम्ही लावू नका, तो स्वतः लावेल. उंचीबद्दल त्याच्याशी वाद घालू नका, तुमचं म्हणणं तो आईचं म्हणून सोडून देईल. माझं ऐकेल, कारण मी त्याचा कोणी नाही.

या पत्राबरोबर वहीतलं ते पान फाडून पाठवतोय. चिखलाचा डाग पडलाय, पण वाचता येतं. त्यात ३८ रेघा आहेत आणि काही रेघांभोवती मी गोल केलेत. ते गोल सगळे त्याच्या एकट्याच्या उड्यांचे आहेत. पान त्याच्या हातात द्या आणि म्हणावं, मोज.